साडेसत्तावीस इंचांची गवसणी

माझ्याकडे यामाहाची गिटालेली आहे. गिटार म्हणावी तर फारच छोटी, चार तारांची उकुलेले म्हणावी तर तारा सहा. तारेची वाजती लांबी 433 मिलिमीटर, म्हणजे जेमतेम 17 इंच. साधी गिटार ई ते ई या सुरांत लावतात, ही त्याहून चढ्या ए ते ए मध्ये. पतसंस्थेतल्या नोकरीत दर पंधरवड्याला सांगली-पुणे करणाऱ्या बाईला मांडीवर घेऊन बसता येईल असं एवढंच वाद्य मला सापडलं, आणि त्यावर माझा फार जीव आहे.

तिच्यासोबत एक पातळ पिशवी येते. धूळ बसू नये एवढ्यापुरती ती ठीक. गेल्या दिवाळीत स्वारगेटहून घरी येताना कराडला चढलेल्या एका मामांनी वरच्या फळीवर आपली गुळाची ढेप सरकवली ती थेट तिच्या डोक्यावर. एक खुंटी वाकली. मामा बिचारे ओशाळले, उतरताना गूळ देऊ लागले. दोष त्यांचा नव्हता, त्या पिशवीत वाद्य आहे हे बाहेरून कोणाला कळणार?

मग कडक केसचा, म्हणजे वाद्याच्या पेटीचा, शोध सुरू झाला. अडचण अशी की गिटालेलीला तयार केस जवळजवळ मिळतच नाही. माझी टोकापासून टोकापर्यंत साडेसत्तावीस इंच भरते. टेनर आकाराची उकुलेले साधारण 26 इंचांची, पण तिच्या केसमध्ये हिचं पोट आणि सहा खुंट्यांचं डोकं बसत नाही. त्याहून मोठी बॅरिटोन उकुलेले 30 इंचांची, तिच्यात ही खुळखुळते. थ्री-फोर्थ, म्हणजे मुलांच्या मापाची गिटार 36 इंचांच्या आसपास. दुकानदार म्हणाले, "मॅडम, त्यात घातलीत तर शेजारी टिफिनही मावेल." हसले मी, पण रिकाम्या हाताने परतले.

आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर ती जाहिरात आली. 'ट्रॅव्हल गिटार हार्ड केस, 28 इंच, एबीएस, आत मखमल.' 5,999 वर काट मारून 2,199. जी वस्तू तीन दुकानांत नाही ती आपल्यासमोर आपसूक आली की डोकं बाजूला राहतं, हे माझ्या अनुभवाचं सार समजा. मी आतली मापं विचारली नाहीत. वेबसाइटवर कंपनीचं नाव आणि पत्ता आहे का ते पाहिलं नाही. वर एक घड्याळ उलटं चालत होतं, 'ऑफर संपायला 14 मिनिटं'. पान पुन्हा उघडलं की ते पुन्हा पंधरावर जातं, हे मला पैसे गेल्यानंतर कळलं. घरी आल्यावर पैसे द्यायची सोय 'आजपुरती बंद' होती. यूपीआयने भरले.

नवव्या दिवशी पार्सल आलं. हातात घेतलं तेव्हाच पोटात खड्डा पडला, कडक केस एवढी हलकी नसते. चिठ्ठीवर लिहिलं होतं: बॅग, नग 1, किंमत रु. 180. आतून निघाली काळी कापडी पिशवी, रेक्झिनच्या वासाची. अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरली तर फोममधून बोटाला बोट लागत होतं. टेप लावली तर 24 इंच, म्हणजे टेनरहून लहान असलेल्या कॉन्सर्ट उकुलेलेची. गिटालेली घालून पाहिली तर पोट शिवणीत अडकलं आणि मान बाहेर, पोत्यातून करडू डोकावावं तशी.

व्हॉट्सअ‍ॅपवर तक्रार केली. उत्तर आलं, 'डिअर मॅम, अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा.' माझ्याकडे कुठला व्हिडिओ? मी भाजी निवडत होते, त्याच विळीने पार्सल कापलं. मग म्हणाले, पिशवी ठेवून घ्या, 30 टक्के परत देतो. मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी नंबर ब्लॉक.

इथे एक गोष्ट सांगते, मला ती तेव्हा माहीत नव्हती. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्राचे 2020 चे ग्राहक संरक्षण नियम आहेत. जाहिरातीत सांगितलं तसा माल नसेल तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही, आणि त्यात व्हिडिओची अट कुठेही नाही. तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव वेबसाइटवर हवं, त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा. माझ्या विक्रेत्याच्या वेबसाइटवर होता फक्त एक फॉर्म.

पण इथपर्यंत गेले होते 2,199. खरी माती मी यानंतर खाल्ली.

रागाच्या भरात मी त्या वेबसाइटचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' असं टाकून शोधलं. पहिल्याच ओळीत एक मोबाईल नंबर. दुपारची वेळ होती, लावला. एक मुलगा अतिशय अदबीने हिंदीत बोलला. ऑर्डर कशाची, किती रुपयांची, सगळं त्याने विचारलं आणि मीच सांगितलं. नंतर तेच त्याने मला वाचून दाखवलं आणि मला वाटलं, याच्याकडे माझी नोंद दिसते! म्हणाला, रिफंड मंजूर झालाय, क्यूआर पाठवतो, स्कॅन करून पिन टाका, पैसे खात्यात येतील. आकडा 4,999 दिसत होता. विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, सिस्टिम पूर्ण स्लॅबचाच रिफंड काढते, वरचे तुम्ही मागाहून परत करा.' म्हणजे उलट मीच त्याचे पैसे परत करणार होते! याच भोळ्या प्रामाणिकपणावर मी पिन टाकला.

खात्यातून 4,999 गेले. तो म्हणाला, चुकून झालं, आता एक अ‍ॅप टाका, मी तुमची स्क्रीन बघून दुरुस्त करतो. तेवढ्यात मुलगा कॉलेजातून आला.

"आई, तू पिन टाकलास?"

"रिफंडसाठी."

"पैसे यायला पिन लागतो का गं कधी?"

पतसंस्थेच्या काउंटरवर माझ्या मागेच हा मजकूर लावलाय, पैसे घेताना पिन लागत नाही म्हणून. तो कागद मीच चिकटवलाय. दुसऱ्या दिवशी त्याकडे पाठ करून बसणं सोपं होतं, कारण माझी खुर्ची तशीच आहे.

मुलाने फोन माझ्या हातातून घेऊन बंद केला आणि लगेच 1930 लावला. हा सायबर आर्थिक फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर. अशा वेळी रडत बसू नका, घरच्यांपासून लपवू नका, आधी हा नंबर फिरवा. पैसे पुढच्या खात्यात असेपर्यंतच ते अडवता येतात, तिथून निघाले की माग काढणं अवघड. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा, तो विचारतात. मग आपल्या बँकेला कळवलं. माझी रक्कम एका खात्यात अडवून ठेवली आहे असा निरोप आला, हातात अजून आलेली नाही.

पिशवीच्या 2,199 साठी 1915 वर बोलले. ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं. तिथे तक्रार नोंदवतात, कंपनीकडे पाठपुरावा करतात, पण आदेश द्यायचा अधिकार त्यांना नाही, तो ग्राहक आयोगाला. आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते आणि 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी लागत नाही. अडचण एवढीच की नोटीस पाठवायला पत्ता लागतो. चिठ्ठीवर 'गोदाम' असा शब्द आणि एक पिनकोड होता, बाकी काही नाही.

केसचं काय झालं? ते उत्तर दहा किलोमीटरवर होतं आणि मी देशभर शोधत होते. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही सांगलीकरांनी मोठ्या अभिमानाने बातमी फिरवली होती. त्या वाद्यांना गवसणी, म्हणजे खोळ, आणि पेट्याही लागतात, हे मात्र सुचलं नाही. तिथल्या एका कारागिरांकडे गिटालेली घेऊन गेले. त्यांनी आधी वाद्य हातात घेऊन डोक्यामागचा कोन पाहिला. म्हणाले, "ताई, पेटी कडक असून भागत नाही. वाद्य मोडतं ते इथे." बोट मान आणि डोक्याच्या सांध्यावर. डोकं मागे कललेलं असतं, पेटी उताणी आपटली की दणका तिथेच बसतो. म्हणून आधार मानेखाली द्यायचा आणि डोकं अधांतरी ठेवायचं, खुंट्यांना काहीही टेकता कामा नये. मग त्यांनी पोटाची रुंदी दोन ठिकाणी, जाडी, मानेची लांबी असं सगळं एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर उतरवलं. प्लायवूड, आत जाड फोम, वरून रेक्झिन. पंधरा दिवस लागले, 2,400 घेतले. आत ठेवून पेटी हलवली तर आवाज नाही.

ती काळी पिशवी टाकवत नाही. पुरावा म्हणून कपाटात ठेवली आहे.

परवा जाहिरात पुन्हा दिसली. वेबसाइटचं नाव नवं, किंमत 1,899. फोटो तोच: डावीकडच्या कडीवर एक बारीक ओरखडा आहे, मी तो इतक्या वेळा पाहिलाय की अंधारातही ओळखेन. खाली कुणीतरी विचारलं होतं, 'गिटालेली बसेल का?'

मी लिहिलं, 'नाही.' दहा मिनिटांत ते उत्तर पुसलं गेलं.