झेडपी शाळेतली दिव्यांग लेकरांची सोय : आमचा तीन वर्षांचा अनुभव

रेटिंग आधीच देऊन टाकते, पाचपैकी साडेतीन. विशेष शिक्षिका मॅडमला पूर्ण पाच, पण त्या पंधरा दिवसांतून एकदाच येतात म्हणून दीड कापला. दुकानाचे, हॉटेलचे रिव्ह्यू खूप भेटतात वाचायला पण आपलं लेकरू वेगळं असलं तर गावच्या शाळेत त्याची सोय कशी होते, काय मागायचं, कोणाला मागायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही, मला तर तीन वर्षांआधी एक माणूस भेटला नव्हता, म्हणून सगळं लिहून राहिली. थोडं लांबेल.

आमचं गाव वऱ्हाडातलं, कापूस तूर सोयाबीनवालं. शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते चौथी, दोन शिक्षक अन् २६ पोरं. माझी लेक आता नऊ वर्षांची, तिसरीत आहे. सातव्या महिन्यात झाली, जन्मल्यावर रडली नाही, पुढं डॉक्टरांनी सेरेब्रल पाल्सी सांगितलं, म्हणजे मेंदूला इजा होऊन हातापायावर नीट ताबा राहत नाही. दोन्ही पाय ताठ, उजवा हात उशिरा ऐकतो, बोलणं अडखळत, पण समजते सगळं, घरात कोण कोणावर रुसलं हे तिला माझ्याआधी समजते. दिव्यांगाचं सर्टिफिकेट ६५ टक्क्यांचं आहे अन् यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलेलं आहे.

आम्ही आधी तालुक्याच्या एका इंग्रजी शाळेत गेलो होतो, नाव लिहीत नाही. तिथं लेकीकडं एकदाही न पाहता मला सांगितलं की आमच्याकडं अशा मुलांसाठी स्टाफ नाही, तुम्ही स्पेशल स्कूल बघा. घरी आलो तर नातेवाईक पण तेच, काहून त्रास देता तिले, होस्टेलला टाका. आता स्पेशल शाळा वाईट असतात असं मी अजिबात म्हणत नाही. वरोऱ्याच्या आनंदवनात अंध अन् मूकबधिर मुलांच्या शाळा आहेत, आमच्या अमरावतीकडं वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी कोणी टाकून दिलेल्या कितीतरी दिव्यांग लेकरांना स्वतःचं नाव देऊन वाढवलं, त्यांना २०२४ ला पद्मश्री मिळाली, अशा माणसांपुढं मी हात जोडते. पण माझ्या लेकीला माय आहे, बाप आहे, आजी आहे. शाळा आमच्या अंगणातून दिसते, घंटा वाजली की ती सरकत सरकत उंबऱ्यापाशी येऊन बसायची अन् पोरं जाताना पाहायची. तिनं घर सोडून होस्टेलला काहून जायचं, हे मला कोणी पटवून देऊ शकलं नाही.

गावच्या मुख्याध्यापक गुरुजींना विचारलं तर ते म्हणाले, "आणा ना ताई, नाव तर लिहावंच लागते, कायदाच आहे." तेव्हा मला पहिल्यांदा समजलं की असा कायदा आहे. १९९५ च्या जुन्या कायद्यात दिव्यांगाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या नव्या कायद्यात २१ आहेत, सेरेब्रल पाल्सी त्यात आहे. सर्टिफिकेट ४० टक्के किंवा त्याच्यावर असलं तर ६ ते १८ वर्षांपर्यंत शिक्षण मोफत, अन् ते जवळच्या शाळेत घ्यायचं की स्पेशल शाळेत हे निवडायचा हक्क आपला. हे पाठ करून ठेवा, लय कामी पडते.

पण खरं सांगते, पहिले चार महिने नाव हजेरीत आलं एवढंच. लेक भिंतीपाशी चटईवर बसायची, हातात चित्राची वही, बाकीचे पाढे म्हणायचे. तिच्या वर्गाच्या सरांना मी दोष देत नाही, एका खोलीत दोन वर्ग अन् त्यांना पण असं लेकरू कसं शिकवायचं हे कोणी कधी दाखवलंच नव्हतं. एक दिवस सर मलाच म्हणाले की मला भीती वाटते तिला काही लागलं तर.

दिवाळीनंतर मॅडम आल्या. त्या समग्र शिक्षा या सरकारच्या शाळांसाठीच्या योजनेतून असतात, तालुक्याला पंचायत समितीत गट साधन केंद्र असते तिथून गाडीवर गावोगाव फिरतात. मला वाटलं येतील, फॉर्म भरतील, फोटो काढतील अन् जातील. तर त्या आल्या अन् एक तास नुसत्या लेकीजवळ खाली बसून राहिल्या, काही शिकवलं नाही, काही विचारलं नाही, फक्त पाहिलं. मग सरांना म्हणाल्या की हिला बेंचवर बसवा. अन् मला म्हणाल्या, "ताई, दोन विटा अन् एक पोतं आणता का?"

विटा पोत्यात गुंडाळून तिच्या पायाखाली ठेवल्या. त्यांनी सांगितलं की पाय लोंबकळत असले की हिचं सगळं अंग ताठ होते अन् मग हात पण आवळतो, पाय टेकले की हात मोकळा होतो. मी आठ-नऊ महिने तिच्या हाताला तेल लावून राहिली होती अन् उपाय पायाखाली होता. मग सायकलच्या जुन्या ट्यूबचा दोन बोटं तुकडा कापून पेन्सिलीवर चढवला, म्हणजे धरायला जाड झाली अन् घसरत नाही. वही चिकटपट्टीनं बेंचला चिकटवून टाकली कारण तिचा हात हलला की वही खाली पडायची अन् उचलण्यातच तास संपायचा. एवढं सगळं करायला वीस मिनिटं लागली असतील अन् खर्च म्हणाल तर चिकटपट्टीचा. त्या दिवशी तिनं 'र' काढला, अर्ध्या पानाएवढा मोठा, जीभ बाहेर काढून, घाम येऊन गेला होता तिच्या वरच्या ओठावर. ती वही मी पेटीत ठेवली आहे.

याहून महत्त्वाचं म्हणजे मॅडमनी सरांना शिकवलं. म्हणाल्या, सर, हिला प्रश्न विचारला की मनात दहा मोजा, मग दुसऱ्या पोराला विचारा. हिला उत्तर येते पण तोंडापर्यंत यायला वेळ लागतो. सर तसं करायला लागले अन् गंमत म्हणजे पोरंच बोटं दुमडून दहा मोजायला लागली, आवाज न करता. अशी ती एक दिवस सातावर बोलली, "पंचेचाळीस". नऊ पाचे पंचेचाळीस विचारलं होतं. चटईवर बसून तिनं सगळे पाढे ऐकून ठेवले होते, कोणाला माहीतच नव्हतं. हे सर मला सांगायला शाळा सुटल्यावर घरी आले, चहा पण घेतला नाही, दारातूनच सांगितलं.

आता ही सेवा एकट्या माझ्या लेकीच्या कामाची आहे असं नाही. दुसरीत एक पोरगा होता, त्याला सगळे ढ म्हणायचे, लक्षच देत नाही, हाक मारली तरी पाहत नाही. मॅडमच्या मोबाईलमध्ये प्रशस्त नावाचं एनसीईआरटीचं अ‍ॅप आहे, त्यात शिक्षकांनी एकेक प्रश्न भरायचा असतो, लेकरू पाहते कसं, ऐकते कसं, चालते कसं. त्यातून निघालं की त्याला मागून हाक मारली तर ऐकूच येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते शाळेत तपासणीला, त्यांना दाखवलं, कान वाहून वाहून पडद्याला छिद्र पडलेलं होतं. इलाज चालू झाला, पहिल्या बेंचवर बसवला, सर त्याच्याकडं तोंड करून बोलतात. तो आता वाचते. त्याची माय मला म्हणे, मी तर त्याले किती मारलं वो वहिनी. म्हणून मी म्हणते की अशी मॅडम शाळेत असली तर फायदा सगळ्याच पोरांचा आहे, ज्यांच्याकडं सर्टिफिकेट नाही त्यांचा पण.

आता दीड स्टार कुठं गेला ते. मॅडमकडं दोन केंद्रं आहेत, केंद्र म्हणजे आजूबाजूच्या शाळांचा गट, त्या १९ शाळांत मिळून ३१ लेकरं. कोणी ऐकू न येणारं, कोणी कमी दिसणारं, कोणी बौद्धिक अक्षम, दोघं तर अंथरुणालाच आहेत त्यांच्या घरी जाऊन शिकवावं लागते. आमच्याकडं त्यांचा वार गुरुवार, पंधरा दिवसांतून एकदा ठरलेला, पण मी मागच्या वर्षी कालनिर्णयवर खुणा केल्या होत्या, वर्षभरात १४ गुरुवारच आल्या. बाकीचे गुरुवार मीटिंग, ट्रेनिंग, माहिती भरणं, पावसानं नाल्याला पूर. त्यांचा काही दोष नाही, त्या तर तापात पण आलेल्या मी पाहिल्या आहेत. पण १४ दिवसांत काय काय होणार? एक गोष्ट शिकवून जातात, सर ती करतात, मधे काही अडलं तर पुढच्या भेटीपर्यंत थांबा, अन् पुढची भेट हुकली की महिना गेला. केंद्र सरकारनंच २०२२ ला ठरवलं आहे की पहिली ते पाचवीत दर १० दिव्यांग मुलांमागं एक विशेष शिक्षक पाहिजे अन् सहावी ते आठवीत दर १५ मुलांमागं एक. आपल्या राज्यानं २०२४ ला प्रत्येक केंद्राला एक अशी ४,८६० पदं मंजूर केली, मार्च २०२५ ला सुप्रीम कोर्टानं पण सगळ्या राज्यांना सांगितलं की पदं काढा अन् भरा. कागदावर सगळं आहे. माझ्या गावात मला आठवड्यातून दोन दिवस पाहिजेत, एवढंच मागणं आहे. नवीन बिल्डिंग नको, नवीन किट नको, दिवस वाढवा.

किटवरून आठवलं. साहित्य वाटपाच्या शिबिरात लेकीच्या खुर्चीचं माप ऑगस्टमध्ये घेतलं अन् खुर्ची आली पुढच्या पावसाळ्यात, तोपर्यंत ती चार बोटं वाढली होती. खुर्ची चांगली आहे, मजबूत आहे, पट्टा आहे, समोर ट्रे आहे, पण पाय टेकायची फळी वर पडत होती. गावच्या सुतारानं ती खाली करून दिली, पैसे घेतले नाहीत. वाढत्या लेकराचं माप घेतलं तर दोन-तीन महिन्यांत वस्तू हातात पडली पाहिजे.

रॅम्पबद्दल जरा सविस्तर सांगते कारण हे सगळ्या गावात होते. आमच्या शाळेचं जोतं दोन फूट उंच आहे. नियम असा की एक फूट चढायला बारा फूट लांबी पाहिजे, म्हणजे आम्हाला चोवीस फूट. आधीचा रॅम्प नऊ फुटांचा होता अन् त्याच्यावर गुळगुळीत टाईल्स, पावसात चांगला माणूस घसरायचा, खुर्ची ढकलायची तर दोन जण लागायचे. कागदावर मात्र रॅम्प आहे अशी टिक. आमच्या ह्यांनी ग्रामसभेत विषय काढला की ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ते कुठं जातात. दोन ग्रामसभा गेल्या बोलण्यात. शेवटी नवीन बांधला, जागा नव्हती म्हणून मधे वळण देऊन, वर झाडूनं रेघा मारलेला कोबा, बाजूला पाईपचा कठडा. आता तिची मैत्रीण एकटी तिला वर घेऊन जाते. संडासात कमोड अजून नाही, त्यासाठी मागं लागलो आहे, नाहीतर मला रोज दुपारी वावरातून यावं लागते अन् कापूस वेचणीच्या दिवसांत ती मजुरी बुडते.

पैशाचं थोडक्यात, दिव्यांग मुलींना महिन्याला २०० रुपये दहा महिन्यांचे मिळतात, खात्यात येतात, आधार लिंक पाहिजे. आम्हाला एक वर्षाचे पुढच्या वर्षी भेटले. फिजिओथेरपी तालुक्याला बुधवारी असते, डॉक्टर चांगले आहेत पण एसटीनं तिला कडेवर घेऊन जायचं यायचं म्हणजे पूर्ण दिवस, पेरणी अन् वेचणीत जमत नाही. मॅडमनी आजीला पाय ताणायचे चार व्यायाम शिकवले आहेत, त्या रोज संध्याकाळी टीव्ही पाहता पाहता करतात.

ज्यांना आपल्या शाळेत ही सोय चालू करायची आहे त्यांच्यासाठी, तोंडी सांगून काही होत नाही. जून संपता संपता आपल्याकडं शाळा उघडते त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांना अन् गटशिक्षणाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या की माझ्या लेकराला विशेष शिक्षक पाहिजे, सोबत यूडीआयडीची झेरॉक्स लावा अन् दुसऱ्या कॉपीवर पोच घ्या, शिक्का घ्या. यूडीआयडी नसलं तर त्याचा फॉर्म ऑनलाईन भरून जिल्हा सामान्य रुग्णालयात दिव्यांग तपासणीचा जो दिवस असतो त्या दिवशी सकाळीच जा, भाकर बांधून न्या. शाळा व्यवस्थापन समितीत दिव्यांग लेकराच्या पालकाला घ्या म्हणून सांगा, मी झाली सदस्य तेव्हापासून आमचा विषय दर मीटिंगला निघते.

अन् मॅडम पहिल्यांदा येतील त्या दिवशी कामाला सुट्टी टाकून शाळेत थांबा. लेकरू घरी कसं बसते, काय धरते, कशाला घाबरते हे तुमच्याएवढं त्यांना कोणी सांगू शकत नाही. मी त्या दिवशी तिथं नसती तर विटा कोण आणून देणार होतं.