खुब्याच्या ऑपरेशननंतर कुठे? अमेरिकेतल्या दोन तऱ्हांची नर्सिंग होम

आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे डॉक्टरांचं छोटं हॉस्पिटल. अमेरिकेत त्याचा अर्थ वेगळा आहे: हॉस्पिटलमधून सुटल्यावर थेरपीसाठी काही आठवडे, किंवा म्हातारपणी कायमचं राहायची जागा. हॉस्पिटलची केस मॅनेजर (पुढची सोय बघणारी) हातात यादी ठेवून "उद्यापर्यंत कळवा" म्हणते तेव्हा तो नीट कळतो.

यादीत सगळी नावं सारखीच वाटतात. पण काही ठिकाणी बहुतेक पेशंट दोन-चार आठवड्यांत चालायला लागून घरी जायच्या बेताने आलेले असतात. बाकीच्यांत कायमचे राहणारे म्हातारे जास्त, आणि थोड्या खाटा आपल्यासारख्या थोड्या दिवसांच्या पेशंटसाठी.

सासूबाईंच्या वेळी दोन्ही पाहून आलो. पहिल्याच्या थेरपीच्या खोलीत कठड्यासकट चार लाकडी पायऱ्या होत्या, गाडीत चढ-उतार करायच्या सरावासाठी सीट आणि दार. थेरपिस्टने आधी विचारलं, "घरी जिने किती?" दुसऱ्याच्या लॉबीत झुंबर होतं, थेरपीच्या खोलीत मात्र पॅरलल बारवर (ज्यांना धरून चालायचा सराव करायचा त्या दांड्यांवर) धुतलेल्या चादरी वाळत होत्या!

पैशाचा हिशेब दोन्हीकडे तोच. मूळ मेडिकेअरला (म्हणजे मुख्यतः 65 च्या पुढच्यांच्या सरकारी विम्याला) सहसा आधी हॉस्पिटलात सलग तीन दिवस 'इनपेशंट' म्हणून दाखल असावं लागतं. ऑब्झर्वेशनचे, म्हणजे रीतसर दाखल न करता नुसतं देखरेखीखाली ठेवल्याचे दिवस धरत नाहीत, तेवढं आधीच विचारून घ्या. मग पहिले 20 दिवस फुकट, 21 ते 100 पर्यंत रोजचा वाटा आपला (2025 मध्ये 209.50 डॉलर). मेडिकेअर ॲडव्हान्टेज (तोच विमा, पण खाजगी कंपनीमार्फत) असेल तर त्यांचे नियम निराळे.

ऑक्टोबर 2019 पासून नर्सिंग होमला थेरपीच्या मिनिटांवर पैसे मिळत नाहीत. म्हणून थेट विचारा: रोज किती मिनिटं? शनिवार-रविवारी काय? मेडिकेअरच्या 'केअर कम्पेअर' या वेबसाइटवर नर्सिंग होमला दिलेले एकूण तारे बघून भुलू नका. थोड्या मुक्कामाच्या पेशंटचे आकडे वेगळे दिलेले असतात. त्यांतले किती घरी गेले आणि किती पुन्हा हॉस्पिटलात, तेच बघा.

खुबा-गुडघ्याला मी पहिलीच तऱ्हा घेईन. पक्षाघात असेल आणि दिवसाला तीन तास थेरपी झेपणार असेल, तर रिहॅब हॉस्पिटलचं (नर्सिंग होम नव्हे, जास्त थेरपी देणारं वेगळं हॉस्पिटल) आधी विचारा. स्मृतिभ्रंश असेल किंवा इंग्रजी अजिबात येत नसेल, तर मात्र घराजवळचं साधं ठिकाण बरं. रोज कुणी आपलं माणूस समोर दिसणं तिथे जास्त कामाला येतं.

सासूबाई ग्रिल्ड चीज सँडविच बघूनच ताट सरकवायच्या. रोज संध्याकाळी वरण-भात आणि पनीरची भाजी न्यावी लागे. आम्ही घेतलेलं पहिलं ठिकाण अर्ध्या तासाच्या अंतरावर होतं म्हणून जमलं. तासाभराचं असतं तर दुसरंच घेतलं असतं, आधी चादरी काढायला लावून.