चेंजिंग टेबल: चालत्या पोराला नकोच

बाळाला निजवून डायपर बदलायला इंदूरच्या बेबी शॉपमध्ये किंवा ऑनलाइन जे फोल्डिंग चेंजिंग टेबल मिळतं, ते थोड्याफार फरकानं एकाच साच्याचं असतं. पाइपची कैची, वर जाड नायलॉनची झोळी, खाली सामानाचे एक-दोन कप्पे, चार चाकं, त्यांतल्या दोनांना ब्रेक. उंची 85 ते 90 सेंटिमीटर, निजवायची जागा जेमतेम 75-80 सेंटिमीटर लांब. किंमत साधारण पाच ते आठ हजार. नवजात बाळासाठी वस्तू वाईट नाही, पण दीड वर्षाच्या पोरासाठी घेऊ नका.

कारण सरळ मापांचं आहे. डब्ल्यूएचओच्या वाढीच्या तक्त्यात 18 महिन्यांच्या मुलाची मध्यक उंची 82 सेंटिमीटरच्या आसपास आहे, म्हणजे पाय टेबलाबाहेर. दोन वर्षांचा मुलगा सुमारे 12 किलोचा. ईएन 12221 या युरोपीय मानकात अशा टेबलांचे दोनच वर्ग आहेत: 11 किलोपर्यंत आणि 15 किलोपर्यंत. आपण घेतोय ते कुठल्या वर्गातलं, हे खोक्यावरच्या बारीक अक्षरांत शोधावं लागतं. आकडा सापडलाच नाही तर टेबल दुकानातच राहू द्या.

दुकानात एक करून बघा. ब्रेक लावा आणि वरच्या कडेला तळहातानं आडवा रेटा द्या. व्हिट्रिफाइड टाइल्सवर ब्रेक लावलेली चाकंसुद्धा घसरतात, आणि पोर नेमका असाच रेटा देतं: टाच कठड्याला लावून, कंबर उचलून. सांध्याची प्लॅस्टिकची खिट्टी 'खट्' वाजून बसते का ते पाहा, कारण अर्धवट बसलेली खिट्टी दिसायला बसल्यासारखीच दिसते. झोळीच्या मधोमध शिवण असेल तर शू तिथूनच आत झिरपते, आतला पुठ्ठा फुगतो आणि पावसाळ्यात वास जाता जात नाही. कव्हर चेननं निघणारं हवं.

खरा घोळ मात्र वेगळाच. हे टेबल वाइप्सनं पुसणाऱ्या घरांसाठी बनलंय. आपल्याकडे शी झाली की पोराला उचलून नळाखाली नेतात. पाणी टेबलाकडे येत नाही, पोरच पाण्याकडे जातं, मग 90 सेंटिमीटर उंचीवर चढवायचं कशासाठी? (नळाला नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येत असेल तिथं बादली आणि मग्गा, पण काम मोरीतच.) पाटावर पाय लांब करून बसलेल्या आजीच्या पायांवर बाळ पालथं पडायचं, ते आपलं चेंजिंग टेबल. तिथून पडण्याइतकी उंचीच नव्हती.

चालत्या पोराचं डायपर उभ्यानंच बदला. पँट डायपर घ्या, टेपवालं नको. पोराला पलंगाची कड धरू द्या. नुसती शू असेल तर डायपर खाली ओढलं तरी चालतं. शी असेल तर ओढू नका, मांडीपासून टाचेपर्यंत माखेल. दोन्ही बाजूंच्या शिवणी वरून खाली फाडा आणि डायपर पायांच्या मधून मागे काढा. धुताना हात पुढून मागे, मुलींच्या बाबतीत तर कटाक्षानं. मऊ सुती फडक्यानं जांघेच्या घड्या टिपा आणि दोन-तीन मिनिटं तसंच फिरू द्या. ओल्या कातडीवर घट्ट डायपर चढलं की पुरळ आलंच समजा. नवं चढवल्यावर मांडीची झालर बोटानं बाहेर काढा. ती आत दुमडलेली राहिली की रात्री चादर भिजते आणि दोष डायपरच्या कंपनीला जातो.

निजवावंच लागलं तर जमिनीवर गोधडी, तिच्यावर 70 बाय 100 सेंटिमीटरची ड्राय शीट (वर कापड, आत पाणी न झिरपणारा पातळ थर). दोन शीट घ्या, एक दोरीवर असते. गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा. उकळत्या पाण्यानं आणि इस्त्रीनं आतला पातळ थर तडकतो, फॅब्रिक कंडिशनरनं वरचं कापड पाणी शोषायचं कमी होतं. टिपायच्या फडक्यांसाठी राजवाड्याजवळच्या एम. टी. क्लॉथ मार्केटमधलं दोन मीटर मलमल पुष्कळ झालं.

टेबल कोणी घ्यावं? सिझेरियनमुळे किंवा पाठीच्या दुखण्यामुळे जिला वाकता येत नाही तिनं, आणि तेही बाळ कुशीवर वळेपर्यंत, म्हणजे चार-पाच महिने. चारही बाजूंना किमान 5 सेंटिमीटर कठडा हवा, आणि तरी एक हात बाळावर. एवढ्या काळासाठी कुणाचं वापरलेलं मागून आणलं तरी भागतं, फक्त खिट्ट्या तपासून.

आणि इंदुरात डायपर सुक्या कचऱ्यात टाकू नका. कागदात गुंडाळून वेगळं ठेवा, कचरा गाडीला सॅनिटरी कचऱ्याचा कप्पा निराळा असतो.