कूलंटच्या होज पाइपची बारीक गळती : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

माझ्या गाडीच्या रेडिएटरला इंजिनाशी जोडणाऱ्या वरच्या होज पाइपमधून (रबरी नळीतून) कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, होणारी गळती मी दोन टप्प्यांत दुरुस्त केली. आधी सिलिकॉनची टेप गुंडाळली, ती पाच आठवडे टिकली; नंतर होज पाइप आणि त्याच्या दोन्ही क्लिपा बदलल्या, त्याला आता नऊ महिने होऊन गेले आहेत.

गाडीखाली थेंब असा मला कधी दिसलाच नाही. रिझर्व्ह टाकीतली पातळी मात्र दर पंधरवड्याला बोटभर खाली जात असे. गरम इंजिनावर पडलेला थेंब तिथेच वाळून जातो आणि मागे फक्त खरखरीत थर उरतो. तसा थर मला इंजिनाकडच्या टोकाला, क्लिपच्या अगदी कडेला सापडला. तांब्याच्या भांड्यावर चढणाऱ्या कळंकासारखा तो हिरवट-पांढरा होता. पहाटे गाडी सुरू करण्यापूर्वी त्या कडेखालून बोट फिरवले की ते ओले व्हायचे, आणि इंजिन तापल्यावर तीच जागा कोरडी असायची. याचे कारण असे की थंडीत रबर आकसते, कडक होते आणि क्लिपची पकड सैलावते. तापल्यावर ते फुगून फट पुन्हा बुजवते. म्हणून अशा गळतीची तपासणी गार इंजिनावरच करावी. मेकॅनिकने रेडिएटरच्या झाकणाच्या जागी हातपंप बसवून झाकणावर लिहिलेला १.१ बार दाब दिला, तेव्हा काही मिनिटांतच पंपावरचा काटा खाली आला, म्हणजे दाब कुठून तरी निसटत होता.

गळती एवढीशी असताना इतकी धडपड कशासाठी, असा प्रश्न मलाही पडला होता. पण प्रश्न केवळ कमी होणाऱ्या कूलंटचा नसतो. कूलंट आणि पाणी निम्मेनिम्मे असलेले मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते, तर बंद यंत्रणेतल्या दाबाखाली ते १२५ अंशांच्या आसपास तग धरते. दाब टिकला नाही की चढावर किंवा वाहतुकीच्या कोंडीत हाताशी असलेली ही सवलतच निघून जाते.

सिलिकॉनच्या टेपला गोंद नसतो; ती दुप्पट-तिप्पट ताणून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवत गुंडाळली की स्वतःलाच चिकटून एकजीव होते. पाइपच्या मधल्या भागात छिद्र असते तर तिने अधिक चांगली साथ दिली असती, असे मला वाटते. माझी गळती मात्र रबर आणि धातूची नळी यांच्या मधून, क्लिपच्या खालून होत होती, आणि त्या उंचसखल जागेवर टेप नीट बसतच नव्हती. पाचव्या आठवड्यात ओल टेपच्या दुसऱ्या कडेने बाहेर आली. मधल्या काळात मी स्क्रूची क्लिप थोडी थोडी आवळत गेलो, ती माझी चूक झाली, कारण तिच्या पट्टीच्या खाचा रबरात रुतून बसल्या. गाडी घरापर्यंत आणण्यासाठी टेप उत्तम आहे, त्यापलीकडे तिच्यावर विसंबू नये. गळती थांबवणारे द्रावण कूलंटमध्ये ओतण्याचा सल्लाही मिळाला होता. हीटरच्या अरुंद नळ्या त्याने चोंदू शकतात, म्हणून तो मी मानला नाही.

पाइप बदलण्यासाठी इंजिन रात्रभर गार होऊ दिले. काढलेले कूलंट झाकून ठेवले, कारण त्यातले इथिलिन ग्लायकॉल चवीला गोडसर आणि विषारी असल्यामुळे मुलांना व जनावरांना त्याचा धोका असतो. जुना पाइप चिकटून बसला होता. रेडिएटरकडची नळी प्लास्टिकची असल्याने स्क्रू ड्रायव्हरने उचकटण्याऐवजी पाइपलाच ब्लेडने उभा चिरला. बाहेरून काळाभोर आणि धडधाकट दिसणारा तो तुकडा उलटा वाकवला, तर टोकाजवळ आतल्या बाजूने बारीक उभ्या भेगा सुकलेल्या चिखलासारख्या उघडल्या. धातू, कूलंट आणि रबरातला कार्बन मिळून विद्युतघटासारखी क्रिया घडते आणि रबर आतून, विशेषतः टोकांशी, असे चिरत जाते. बाहेरून पाहून होज पाइपचा भरवसा देता येत नाही, हे मला त्या तुकड्याने पटवले.

इंजिनाकडच्या ॲल्युमिनियमच्या नळीवर पांढरी बुरशीसारखी झीज चढली होती. ती बारीक पॉलिश पेपरने काढताना हात नळीभोवती गोल फिरवला. उभे घासले असते तर प्रत्येक ओरखडा कूलंटला वाट करून देणारा ठरला असता. नवा पाइप चढवताना ग्रीस वापरले नाही, कारण पाइपचे रबर (ईपीडीएम जातीचे) तेलाने फुगते. कूलंटनेच नळी ओली केली. स्क्रूच्या क्लिपांऐवजी स्प्रिंगच्या क्लिपा घेतल्या आणि त्या नळीवरच्या उंचवट्याच्या मागे बसवल्या. मग झाकण उघडे ठेवून, हीटर पूर्ण चालू करून, बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालवले.

पहिल्या आठवड्यात अडकलेली हवा निघून पातळी किंचित उतरली, ती एकदाच भरावी लागली. त्यानंतर कडक उन्हाळा आणि गारठ्याच्या पहाटा दोन्ही येऊन गेल्या, तरी टाकीतली रेघ हललेली नाही आणि बोट कोरडेच राहते. रबराबरोबर स्प्रिंगही आकसते-पसरते, त्यामुळे क्लिप एकदाही आवळावी लागलेली नाही. तक्रार एवढीच की तिचे कान, म्हणजे पकडीने दाबायची टोके, मी खालच्या बाजूला ठेवले आणि आता तिथे पक्कड पोहोचत नाही. बसवतानाच ते वर ठेवायला हवे होते.

खालचा होज पाइप त्याच वयाचा आहे. गार असताना टोकाशी दाबला की बोटांना आत काहीतरी करकरल्यासारखे जाणवते, म्हणून त्याच्यासाठी योग्य मापाच्या दोन स्प्रिंग क्लिपा आणून ठेवल्या आहेत आणि या महिन्यातच तोही बदलणार आहे.