पीक विम्याचे तीन खरीप: उमरेडकडच्या एका घराचा हिशेब

उमरेड तालुक्यात आमचं सहा एकर वावर. चार एकर सोयाबीन, बाकी कापूस आणि तूर. 2023 च्या खरिपात राज्यानं एक रुपयात पीक विमा आणला तेव्हापासून दरवर्षी भरतो.

खरा अनुभव 2024 चा. जुलैत नाला फुगला आणि खालच्या दीड एकरात तीन दिवस पाणी साचलं. नुकसान 72 तासांच्या आत कळवावं लागतं. वावरात रेंज नाही, म्हणून धुऱ्यावरच्या बाभळीखाली उभं राहून पोरीनं ॲपवर फोटो चढवले. पाहणीवाला नवव्या दिवशी आला. तोवर पाणी उतरलेलं. घरच्या बाईनं चार झाडं उपटून त्याच्या हातात दिली. मुळं काळी, चिकट, कुजका वास. तेव्हा कुठे त्यानं लिहून घेतलं.

मंजूर झाले 6,200 रुपये. खात्यात पडले मार्चमध्ये.

दरम्यान दिवाळी होती, कृषी केंद्राची उधारी होती. हमीभाव 4,892 असताना आठ क्विंटल सोयाबीन व्यापाऱ्याला 4,100 नं घातलं. हमीभावाच्या केंद्रावर नंबर लागेपर्यंत थांबायला हातात पैसा नव्हता. त्या आठ क्विंटलांत 6,336 रुपये गेले. हेच विम्याचे पैसे दसऱ्याला मिळाले असते तर माल घरात ठेवता आला असता. विमा उत्पादनाचा असतो, भावाचा नाही, हे मान्य. पण पैसे वेळेवर आले तर भावही हातचा जात नाही.

2025 पासून एक रुपया बंद झाला. आता सोयाबीनला विमा रकमेच्या 2 टक्क्यांपर्यंत आणि कापसाला 5 टक्क्यांपर्यंत हप्ता आपल्याला भरावा लागतो. त्याहून जास्त झोंबलं ते दुसरंच: एकट्याच्या वावरातल्या नुकसानीचा दावा राज्यानं काढून टाकला. भरपाई फक्त महसूल मंडळातल्या (म्हणजे काही गावांच्या गटातल्या) पीक कापणी प्रयोगावर, म्हणजे निवडलेल्या वावरांतल्या तुकड्यातलं पीक कापून, वजन करून काढलेल्या उत्पादनावर. मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी, तिचे 70 टक्के म्हणजे उंबरठा उत्पादन. तो हेक्टरी 10 क्विंटल असेल आणि मंडळात 8 निघालं, तर विमा रकमेचा पाचवा हिस्सा मिळतो. वरच्या टेकाडावरच्यांचं पीक चांगलं आलं की नाल्याकाठच्या माझ्या हाती काहीच नाही. मला हे अन्यायाचं वाटतं.

कऱ्हांडल्याच्या जंगलाकडून रानडुकरं येतात. वन्यप्राण्यांचं नुकसान 2026 च्या खरिपापासून विम्यात घेणार असं केंद्रानं जाहीर केलंय, त्याची वाट पाहतोय.

तरीही मी विमा सोडणार नाही. ते 6,200 उशिरा आले, पण पुढच्या पेरणीचं बियाणं रोखीनं घेतलं. उधारीवर घेतलं की प्रत्येक बॅगेमागे जादा मोजावं लागतं. विमा भरणाऱ्यांनी ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवर आपल्या पिकाची नोंद, न चुकता करावी, आणि आपल्या मंडळात कापणी प्रयोग असेल त्या दिवशी, वावर दुसऱ्याचं असलं तरी, तिथं जाऊन उभं राहावं. वजन आपल्यासमोर व्हावं.