दोन रॉबिन, दोन रेव्हन आणि तिशीतला प्रेक्षक

‘टीन टायटन्स गो! व्हर्सेस टीन टायटन्स’ हा जेमतेम सव्वा तासाचा ॲनिमेशनपट २०१९ साली चित्रपटगृहांत न लागता थेट डिजिटल आणि ब्लू-रे स्वरूपात विक्रीला आला. वरकरणी तो लहान मुलांसाठी आहे. पण त्याच्या नावातच जी झुंज लावून दिली आहे, ती पाहण्याची ओढ आठ-नऊ वर्षांच्या मुलाला असण्याचे फारसे कारण नाही. ती ओढ आहे २००३ साली शाळेत असलेल्या आणि आज तिशीत पोहोचलेल्या प्रेक्षकाला. चित्रपट त्याच्या खिशाकडे पाहून काढलेला आहे, आणि म्हणून त्याचे परीक्षण त्या प्रेक्षकाच्या मनःस्थितीला वगळून करता येणार नाही.

ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. ग्लेन मुराकामी यांनी घडवलेली ‘टीन टायटन्स’ ही मालिका २००३ ते २००६ या काळात पाच पर्वे चालली आणि कार्टून नेटवर्कमुळे आपल्याकडच्या मुलांनीही ती पाहिली. रॉबिन, स्टारफायर, रेव्हन, सायबॉर्ग आणि बीस्ट बॉय ही पाच किशोरवयीन सुपरहिरो मुले एका उंच मनोऱ्यात एकत्र राहतात, पिझ्झावर काय घालायचे यावरून भांडतात आणि मधल्या वेळात शहर वाचवतात. चित्रशैलीवर जपानी ॲनिमेची छाप होती, शीर्षकगीत पफी अमियुमी या जपानी जोडीचे होते, विनोद भरपूर होता. पण स्लेडसारखा थंड डोक्याचा खलनायक आला की घरातल्या मुलांचा गलका आपोआप थांबत असे. मालिका बंद झाली तेव्हा काही धागे मोकळेच राहिले आणि चाहते सहाव्या पर्वाची वाट पाहत बसले. त्यांच्या पदरात पडले ते २०१३ सालचे ‘टीन टायटन्स गो!’. पात्रे तीच, पाचही मुख्य आवाज तेच. परंतु भाग अकरा-अकरा मिनिटांचे, चित्रे ठेंगणी-ठुसकी, आणि नायकांना जग वाचवण्यापेक्षा सँडविच आणि वॅफल्समध्ये अधिक रस. सर्वस्वी नवी मंडळी असती तर चाहत्यांनी चॅनेल बदलून विषय संपवला असता. ओळखीच्याच आवाजात आपल्या लाडक्या पात्रांची टिंगल ऐकावी लागली, हे मात्र त्यांच्या जिव्हारी लागले.

या रागाचे भांडवल करण्याची कल्पना चतुर आहे. मास्टर ऑफ गेम्स हा जुन्या मालिकेतला खलनायक दोन्ही संघांना आखाड्यात उतरवतो आणि पडद्यामागून सूत्रे हलवतो रेव्हनचा राक्षसी बाप ट्रायगॉन. दोन्ही संघांना आवाज त्याच पाच कलाकारांनी दिले आहेत, हीच चित्रपटाची खरी मौज. टारा स्ट्राँग यांची जुनी रेव्हन घोगऱ्या, दबलेल्या सुरात बोलते आणि नवी त्याच सुराला किंचित कंटाळ्याची धार लावते, तेव्हा डोळे मिटूनही कोण बोलते आहे ते कळते. स्कॉट मेनव्हिल यांचे दोन रॉबिन एकमेकांसमोर उभे राहतात तो प्रसंगही तसाच: एकाचा करारीपणा दुसऱ्याच्या तोंडी निव्वळ आक्रस्ताळेपणा वाटतो, आणि मग शंका येते की तो पहिल्यातही थोडा होताच, आपल्याला बाराव्या वर्षी तो दिसला नव्हता, इतकेच.

दुर्दैवाने चित्रपट या शंकेचा पाठपुरावा करत नाही. जुने टायटन्स येथे पाहुणे म्हणून येतात, शोभून दिसतात आणि भिंतीवरच्या तसबिरींसारखे गंभीर चेहऱ्याने उभे राहतात. त्यांना स्वतःची अशी एकही नवी अडचण दिलेली नाही. ज्या प्रेक्षकाला खूश करायचे, त्याच्या आठवणीला धक्का लागू नये या काळजीपोटी त्या पात्रांचा जीवच काढून घेतला आहे.

हे खटकण्याचे कारण जुन्या मालिकेतच आहे. तिचा शेवटचा भाग, ‘थिंग्ज चेंज’, जानेवारी २००६ मध्ये दाखवला गेला. टेरा या मैत्रिणीने आधी दगा दिला, मग सर्वांसाठी जीव दिला आणि ती दगड होऊन राहिली. शेवटच्या भागात बीस्ट बॉयला हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी एक शाळकरी मुलगी भेटते. तिला काही आठवत नाही, किंवा आठवायचे नाही. तो तिला जुन्या जागा दाखवत फिरतो, पूर्वीच्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगतो, आणि ती मात्र कमालीच्या शांतपणे आपल्या आयुष्याकडे बोट दाखवते: पुढच्या तासाला भूमितीची परीक्षा आहे आणि अभ्यास झालेला नाही. ती शाळेच्या गर्दीत निघून जाते आणि तो मित्रांच्या मदतीला धावतो. मालिका संपते. सहाव्या पर्वासाठी वर्षानुवर्षे मागणी करणाऱ्यांपैकी अनेकांना हा भाग तोंडपाठ आहे, आणि तरीही त्या शाळेच्या वऱ्हांड्यात आपण नेमके कोणाच्या जागी उभे आहोत, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. मी स्वतः त्याच गोटातला असल्याने हे थोडे अधिकाराने लिहीत आहे.

तसे पाहता २००३ ची मालिकाही ‘मूळ’ नव्हतीच. टायटन्सची पहिली जुळणी १९६४ च्या कॉमिक्समधली. मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी १९८० मध्ये ती नव्याने उभी केली. ज्याची त्याची खरी आवृत्ती म्हणजे ज्याला त्याला बारा-तेराव्या वर्षी भेटलेली. निर्मात्यांनी याउलट वाटही चोखाळून पाहिली आहे: २०१८ च्या ‘टायटन्स’ या मालिकेत पात्रेच प्रौढ, रक्तबंबाळ आणि शिवराळ केली. आपल्याकडे २०१७ साली फास्टर फेणे पडद्यावर आला, तोही शाळकरी पोर न राहता जुन्या वाचकांबरोबर मोठा होऊनच.

विशेष म्हणजे नव्या मालिकेनेच हा विषय पूर्वी कितीतरी धारदारपणे हाताळला होता. ‘टीन टायटन्स गो!’च्या २०१५ मधील ‘द रिटर्न ऑफ स्लेड’ या भागात स्लेडशी होणारी बहुप्रतीक्षित लढाई पडद्याबाहेरच उरकली जाते. कॅमेरा सायबॉर्ग आणि बीस्ट बॉयवर असतो, आणि ते दोघे लहानपणी आवडलेल्या विदूषकाला बोलावून तो आता बालिश वाटतो म्हणून चिडलेले असतात. मग ते त्याला मोठ्यांना आवडेल असा भडक, भयंकर बनवतात आणि व्हायचा तो अनर्थ होतो. अकरा मिनिटांत चाहत्यांची इतकी निर्दय खोड मोडणारी मालिका सव्वा तास मिळाल्यावर का कचरली, ते उघड आहे: त्या भागाला कोणी पैसे मोजणार नव्हते, येथे मोजणार होते.

शेवटाकडे दोन्ही मालिकांमधले ट्रायगॉन मिळून हेक्सागॉन नावाचा एकच राक्षस होतो आणि इतर विश्वांतले टायटन्स धावून येतात. कॉमिक्सचे वाचक ओळखीचे चेहरे शोधत बसतील, मुलांना त्या गोंधळाचाच आनंद मिळेल. ॲनिमेशन टीव्हीच्या दर्जाचे आहे, गती चांगली आहे, मधली वीस मिनिटे सैल आहेत. मुलांसोबत एका संध्याकाळी पाहायला हरकत नाही. ब्लू-रे विकत घेऊन कपाटात ठेवावी असा ऐवज हा नव्हे. त्या पैशांत जुन्या मालिकेचे टेराची कथा असलेले दुसरे पर्व मिळाले, तर ते आधी घ्यावे.