डागी दातांवर व्हिनियर: हातानं थर चढवलेलं पोर्सिलेन की प्रेसचं?

समोरच्या दातांवर सिरॅमिकचे व्हिनियर, म्हणजे दातावर पुढून चिकटवायचे पातळ पापुद्रे, लावायचं ज्यांचं पक्कं झालं आहे त्यांच्यासाठी लिहून राहिलो, त्यामुळे लावावे की नाही इथपासून सुरू करत नाही. मी पांढरकवड्याच्या बाजूच्या गावचा, लहानपणापासून बोअरचं पाणी पिऊन मोठा झालो, त्यामुळे दातांवर तपकिरी पट्टे. पाण्यात लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं की ते पिण्यालायक धरत नाहीत, आणि लहानपणी दात हिरडीच्या आत तयार होतानाच त्याचा परिणाम होते, मग नंतर कितीही घासा. शाळेत शिकवतो, दिवसभर पोरांसमोर तोंड उघडायचं, म्हणून वरचे सहा दात करून घेतले. बायकोनं माझ्याआधी चार केले होते. तिचे फेल्डस्पॅथिक पोर्सिलेनचे, म्हणजे हातानं थर चढवलेले, माझे शेवटी लिथियम डायसिलिकेटचे, म्हणजे लॅबवाले ज्याला प्रेसचं म्हणतात ते. दोन्ही घरातच आहेत, रोज समोरासमोर.

नुसतं दिसणं पाहायचं तर बायकोचे माझ्यापेक्षा सरस आहेत हे मान्य. फेल्डस्पॅथिकमध्ये कारागीर ब्रशनं ओल्या पावडरचा थर चढवते, भट्टीत भाजते, पुन्हा थर, त्यामुळे दाताच्या टोकाला ती निळसर पारदर्शक झाक येते ना, ती अगदी खऱ्यासारखी. प्रेसमध्ये एकाच शेडचा इनगॉट, म्हणजे सिरॅमिकचा छोटा ठोकळा, तापवून मऊ करून साच्यात दाबतात, मग वरून रंग आणि ग्लेझ, म्हणजे चकाकीचा थर. मजबुतीत प्रेस पुढे आहे, ते सगळेच सांगतात, पण माझा निर्णय मजबुतीवर झालाच नाही.

तो झाला एका सावलीवर. माझ्यासाठीही पहिले फेल्डस्पॅथिकच बनवले होते, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाड, हिरडीजवळ तर त्याहून पातळ. चिकटवायच्या आधी ट्राय-इन पेस्ट, म्हणजे चिकटवायच्या सिमेंटच्याच रंगाची तात्पुरती पेस्ट, लावून बसवून पाहतात, ती पाण्यानं धुऊन निघते. खुर्चीवर आरशात पाहिलं, एकदम झकास. मग डॉक्टरांनीच म्हटलं, सर, बाहेर उन्हात जाऊन बघून या. गेलो, आणि हिरडीजवळ तपकिरी पट्ट्याची सावली आतून दिसून राहिली होती. अंधुकच, पण मला दिसत होती आणि एकदा दिसली की नजर तिथंच जाते. पोर्सिलेन पातळ आणि पारदर्शक असलं की उजेड त्यातून आरपार जाऊन खालच्या दातावरून परत येते, म्हणजे शेवटचा रंग हा पोर्सिलेन, सिमेंट आणि खालचा दात या तिघांचा मिळून असते. खालचा दात डागी, तर वरचा ए१, म्हणजे अगदी फिकट शेडचा, असून काय उपयोग.

मग अपारदर्शक पेस्ट लावून पाहिली. सावली गेली पण दात चुना लावल्यासारखा मेला. मधली शेड लावली, सावली परत. या तीन पेस्टी लावून, धुऊन, पुसून होईतो पाऊण तास गेला, तोवर बाजूचे दात कोरडे पडले, आणि कोरडा दात ओल्यापेक्षा पांढरा दिसते, म्हणजे जुळवायचं कशाशी तेच कळेना. त्या दिवशी यष्टी उशिरा पोचली होती, संध्याकाळचा पिवळा उजेड, आत ट्यूबलाइट, एकच दात दोन ठिकाणी दोन रंगांचा. असे तीन खेटे झाले. शाळेतून तीनदा रजा काढली आणि प्रत्येक वेळी रंग ठरलाच नाही, याच गोष्टीनं मी कंटाळलो.

चौथ्या वेळी डॉक्टरांनी प्रेस घ्यायचं ठरवलं, कमी पारदर्शक एलटी इनगॉट, जाडी ०.७ मिलिमीटरच्या आसपास, आणि व्हिनियरला जागा करायला दात मशीननं घासल्यावर खालच्या दाताची शेड, ज्याला स्टम्प शेड म्हणतात, तिचा फोटो लॅबला वेगळा पाठवला. आधी फक्त वरची हवी ती शेड कळवली होती, माझ्या मते खरी चूक तिथं झाली. आता उन्हात, वर्गात, लग्नाच्या मांडवात, कुठंच सावली दिसत नाही. मोजमाप माझ्याजवळ नाही, पण आमच्या शाळेतल्या मॅडमनं ओळखलं नाही एवढं सांगतो.

किंमत द्यावी लागली ती दाताची. थोडं जास्त घासावं लागलं, आणि इनॅमल, म्हणजे दाताचं वरचं कडक आवरण, जितकं शिल्लक तितकी पकड चांगली, म्हणून हे हलक्यात घेऊ नका. घासण्याआधी ब्लीचिंग करून, म्हणजे औषधानं दात उजळून, डाग थोडा उतरते का तेही विचारा, फक्त ब्लीचिंगनंतर चिकटवायला दोनेक आठवडे थांबावं लागते, नाहीतर पकड नीट बसत नाही. सिमेंट नुसतं उजेडानं सेट होणारं मागा, ड्युअल-क्युअर, म्हणजे उजेड आणि रसायन दोन्हींनी सेट होणारं, काळानुसार पिवळसर पडू शकते आणि पातळ व्हिनियरमधून ते दिसते. पुन्हा पुन्हा भट्टीत टाकलं तरी रंग हलते, म्हणून लॅबकडं सारखं परत पाठवायची पाळी न आलेलीच बरी.

बायकोचं माहेर अमरावतीचं, धरणाचं पाणी, दात मूळचेच स्वच्छ, फक्त मधली फट बुजवायची होती. तिच्या दातावर पातळ फेल्डस्पॅथिक शोभूनच दिसते, खालचा रंग उलट मदतच करते. तुमचे दात तसे असतील तर मी प्रेसच घ्या म्हणणार नाही. पण यवतमाळ, चंद्रपूरच्या बोअरचं पाणी प्यालेले असाल, तपकिरी पट्टे असतील, तर मी तरी पहिल्याच दिवशी प्रेसचं बोलून घेतलं असतं. आणि जाल तेव्हा सकाळची गाडी पकडा. खुर्चीवर बसल्याबसल्या, तोंडात कापूस घालायच्या आधी, खिडकीजवळच्या उजेडात शेड घ्यायला सांगा. व्हिटा कंपनीच्या शेडच्या १६ नमुना पट्ट्या दाताजवळ धरायला पाच मिनिटं लागतात, माझे तीन खेटे होण्यात त्या पाच मिनिटांचाही हात होता.